फ्लोरा फाउंटनचा दगड: गोल दाण्यांचा चुनखडक कसा घडतो

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर उभा आहे. गड, घाट, लेणी, जुन्या वाड्यांची जोती, सगळीकडे बेसाल्ट. त्यामुळे मुंबईच्या हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन पांढुरक्या दगडाचं आहे याचं खरं तर नवल वाटायला हवं. हा दगड इथला नाहीच. १८६४ साली हे कारंजं उभं राहिलं तेव्हा त्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा होता, कोरीव काम जेम्स फोर्साइथ यांचं, आणि दगड आला होता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरून, जहाजाने. नंतर वर्षानुवर्षं त्याच्यावर रंगाचे थर चढत गेले. २०१९ मध्ये पुरी झालेल्या दुरुस्तीत ते उतरवले गेले आणि मूळ दगड पुन्हा उघडा झाला.

पोर्टलंडच्या या दगडाचा ताजा तुकडा हातात घेतला तर तो नुसत्या डोळ्यांना साधा, किंचित खरखरीत, मलईच्या रंगाचा दिसतो. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग लावलं की त्याचं रूप पालटतं. सगळा दगड बारीक, गोल दाण्यांचा बनलेला दिसतो. दाणे जवळजवळ सारख्याच मापाचे, साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान, एकमेकांना जेमतेम टेकलेले. मासळी खाणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही गाभोळीची आठवण व्हावी, इतके हुबेहूब. मधूनमधून शिंपल्याचा एखादा तुकडा, आणि दाण्यांच्या मधल्या फटींत चमकणारे छोटे स्फटिक.

अशा दाण्यांच्या चुनखडकाला भूशास्त्रात ऊलाइट म्हणतात आणि एकेका दाण्याला ऊइड. ऊइड दोन मिलिमीटरपेक्षा लहान असतो. त्याहून मोठ्या दाण्यांना वेगळं नाव आहे आणि त्यांची घडणही बरेचदा वेगळी असते, त्यामुळे त्यांना इथे बाजूला ठेवू.

वाळूचा कण आणि ऊइड यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि बाकी सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. वाळूचा कण मोठ्या खडकातून फुटून निघतो आणि घासत घासत लहान होत जातो. ऊइड लहान असतो आणि मोठा होत जातो. तो समुद्रात वाढतो.

दगडाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ही वाढ सरळ दिसते. काप इतका पातळ घासलेला असतो, जेमतेम ०.०३ मिलिमीटर, की दगडातून आरपार उजेड जातो. हे तंत्र खडकांसाठी रुजवणारे शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८७९ मध्ये चुनखडकांच्या घडणीवर जे भाषण दिलं, त्यात ऊइडांचा बारकाईने विचार होता. कापात प्रत्येक दाण्याच्या मधोमध काहीतरी परकं दिसतं: शिंपल्याचा कपचा, वाळूचा एखादा कण, कधी कुठल्यातरी समुद्री किड्याची विष्ठा. त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं असतात, कधी चार-पाच, कधी त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक वर्तुळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा एक थर. गाभा वेडावाकडा असला तरी चालतो. पहिले काही थर त्याच्या आकाराबरहुकूम वाकडे असतात, पुढचे हळूहळू गोल होत जातात.

आता हा थर बसतो कसा?

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि विरघळलेला कार्बनही असतो, मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. खोल समुद्रातलं पाणी भरतीबरोबर उथळ, उन्हाने तापलेल्या भागावर चढलं की त्यातला वायू निसटू लागतो. वायू गेला की पाण्याचा आम्लपणा उतरतो आणि कॅल्शियम कार्बोनेटला विरघळलेल्या अवस्थेत राहणं कठीण जातं. ऊन पाणी उडवत असतं, त्यामुळे क्षारांचं प्रमाणही वाढतं. पाण्यात कार्बोनेट आता मावेनासं झालेलं असतं. फक्त बसायला एखादा पृष्ठभाग हवा असतो, आणि तो तळावरच्या कपच्यांनी आयता पुरवलेला असतो.

पण एवढंच असतं तर थर तळावरच बसला असता, कपचे एकमेकांना चिकटले असते आणि तिथे एक कडक पापुद्रा तयार झाला असता. गोल सुटे दाणे व्हायला पाणी अस्वस्थ लागतं. भरती-ओहोटीचा प्रवाह आणि लाटा दाण्याला सतत उलटापालटा करत राहिल्या तरच त्याच्या सगळ्या बाजूंना सारखा थर बसतो. आणि पाणी स्वच्छही हवं. जवळ मोठी नदी गाळ ओतत असेल तर त्या चिखलात ऊइड गुदमरतो, कारण चिखलाने झाकलेल्या कणावर थर बसत नाही. उबदार, उथळ, नितळ आणि खळबळणारं पाणी, या चार अटी एकाच जागी जमल्या पाहिजेत. त्या जगात फार कमी ठिकाणी जमतात, म्हणूनच ऊलाइट सापडला की भूशास्त्रज्ञाला त्या प्राचीन समुद्राबद्दल एवढं नेमकं बोलता येतं. इतका बोलका खडक विरळाच.

आज हे घडताना बघायचं तर सर्वांत चांगली जागा म्हणजे बहामा बेटांचा ग्रेट बहामा बँक. समुद्रातलं हे विशाल पठार बहुतेक ठिकाणी दहा मीटरपेक्षाही उथळ आहे आणि त्याच्या कुशीतच टंग ऑफ द ओशन नावाची एक-दोन किलोमीटर खोल दरी आहे. दरीतलं पाणी भरतीला पठाराच्या काठावर चढतं. जिथे ते चढतं तिथेच, अँड्रॉस बेटाच्या उत्तरेला जोल्टर्स कीजजवळ आणि इतर काठांवर, ऊइडांचे पांढरेशुभ्र दांडे पसरलेले आहेत. पाण्याची खोली जेमतेम दोन-तीन मीटर, काही ठिकाणी ओहोटीला दांडा उघडाच पडतो. पाणी इतकं निळं आणि वाळू इतकी पांढरी की अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत या दांड्यांच्या रेषा स्पष्ट ओळखू येतात. इराणच्या आखाताचा अबू धाबीकडचा किनारा आणि अमेरिकेतलं युटाचं ग्रेट सॉल्ट लेक इथेही आज ऊइड तयार होतात. ग्रेट सॉल्ट लेक तर समुद्रही नाही. म्हणजे अटी महत्त्वाच्या, समुद्र असो की सरोवर.

बहामाच्या दाण्यांची एक गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. शास्त्रज्ञांनी एकेका दाण्याचे थर बाहेरून आत क्रमाने विरघळवले आणि प्रत्येक थराचं रेडिओकार्बन वय काढलं. बाहेरचा थर आणि सर्वांत आतला थर यांच्यात हजार वर्षांहून जास्त अंतर निघालं. अर्धा मिलिमीटरच्या दाण्याला हजार-दोन हजार वर्षं! प्रयोगशाळेत त्याच प्रकारच्या पाण्यात थर यापेक्षा कितीतरी झपाट्याने बसतो, मग समुद्रात इतका उशीर का?

उत्तराचा एक भाग असा की दाणा बहुतेक काळ लोळत नसतोच. तो दांड्याच्या आत, इतर दाण्यांखाली गाडलेला पडून असतो. एखादं वादळ किंवा सरकती वाळू त्याला वर आणते, तो काही दिवस लोळतो, पुन्हा गाडला जातो. दुसरा भाग झिजेचा. लोळताना दाणे एकमेकांवर आपटतात आणि जितकं बसलं त्यातलं बरंचसं घासून निघतं. अमेरिकेतल्या कॅल्टेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असं दाखवलं की दाण्याचा आकार म्हणजे बसणं आणि झिजणं यांच्यातला समतोल असतो. दाणा लहान आहे तोवर तो हलक्याने आपटतो, झीज कमी, म्हणून वाढतो. मोठा झाला की जोरात आपटतो, झीज वाढते आणि वाढ थांबते. एकाच खडकातले दाणे इतके एकसारखे का, हा प्रश्न त्यातून बराच सुटतो. शिवाय प्रवाह स्वतःच दाणे निवडतो, हलके वाहून नेतो, जड मागे ठेवतो.

यात जिवाणूंचा हात किती, यावर मात्र अजून एकमत नाही. ऊइडांवर सूक्ष्मजीवांचा पातळ लेप असतो आणि काही सूक्ष्मजीव दाण्यात बारीक बोगदेही पाडतात, हे सगळ्यांना मान्य आहे. काहींच्या मते हा लेपच थर बसायला मदत करतो. इतरांच्या मते पाण्याचं रसायन आणि लाटा यांनी काम भागतं आणि सूक्ष्मजीव नुसते भाडेकरू असतात. मला दुसऱ्या मताकडे झुकावंसं वाटतं, कारण झिजेचं गणित आकार चांगला समजावतं. पण बारीकसारीक थरांच्या रचनेत जिवांचा वाटा असणार, हे नाकारण्यासारखं नाही.

दाण्यांच्या आतल्या स्फटिकांची गोष्टही बघण्यासारखी आहे. आजच्या बहामात थर अ‍ॅरागोनाइटचे असतात आणि त्यांचे सूक्ष्म, लांबट स्फटिक दाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवे निजलेले असतात. ज्युरासिक काळातल्या कित्येक ऊइडांत मात्र मूळ खनिज कॅल्साइट होतं आणि स्फटिक मध्यापासून बाहेरच्या दिशेने उभे. रासायनिक सूत्र दोघांचं एकच. फरक पडतो तो समुद्रातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणामुळे: मॅग्नेशियम जास्त असलं की अ‍ॅरागोनाइट, कमी असलं की कॅल्साइट. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सगळ्या महासागरांच्या रसायनाची नोंद सापडते.

दाण्यांचा दांडा आणि खडक यांच्यात अजून एक पायरी उरते. समुद्राची पातळी उतरली आणि दांडा उघडा पडला की त्यावर पावसाचं पाणी पडतं. गोड पाणी थोडं अ‍ॅरागोनाइट विरघळवतं आणि तेच कार्बोनेट दोन दाणे टेकतात त्या जागी कॅल्साइट म्हणून पुन्हा बसवतं. दाणे जागच्या जागी सांधले जातात. हे काम भूशास्त्रीय मापाने बरंच लवकर होऊ शकतं. अमेरिकेतलं मायामी शहर ज्या ऊलाइटवर बसलं आहे, ते दाणे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच असताना तयार झाले. आज तो पक्का खडक आहे.

मायामीचं उदाहरण इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण हा खडक कसा घडला ते कळलं की शहराची अडचण आपोआप कळते. गोल दाणे कितीही दाबून बसवले तरी मध्ये फटी राहतात. सांधे फक्त टेकणाऱ्या जागी असतील तर त्या फटी उघड्याच राहतात, आणि पुढे पावसाच्या पाण्याने खडक आणखी पोखरला जातो. मायामीच्या पोटातला हा सच्छिद्र खडक तिथल्या पिण्याच्या पाण्याचा साठा धरून ठेवतो, ही त्याची कृपा. पण समुद्र वाढतोय, आणि तिथे भिंत बांधून तो अडवता येत नाही, कारण पाणी भिंतीखालून, खडकातूनच वर येतं. मोठ्या भरतीच्या दिवशी आभाळ कोरडं असताना रस्त्यावर गुडघाभर खारं पाणी साचतं. नेदरलँड्ससारखे बांध घाला असं सांगणाऱ्यांना तिथले भूशास्त्रज्ञ हेच दाखवतात.

याच फटींमुळे तेल साठतं. सौदी अरेबियाचं घवार हे जगातलं सर्वांत मोठं पारंपरिक तेलक्षेत्र. तिथलं तेल ज्या ज्युरासिक चुनखडकाच्या थरात आहे, त्यात ऊइडांचे थर मोठ्या प्रमाणात आहेत.

आता पुन्हा पोर्टलंडकडे. साधारण साडेचौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वी आजचा दक्षिण इंग्लंड उबदार, उथळ समुद्राखाली होता आणि तिथे बहामासारखेच दांडे पसरले होते. पोर्टलंडच्या खाणकामगारांनी थरांना आपली नावं दिली आहेत. वरचा रोच शिंपल्यांच्या पोकळ ठशांनी भरलेला, त्याखाली व्हिट बेड, त्याखाली बेस बेड, सर्वांत एकसारखा आणि कोरीव कामाला उत्तम. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर वास्तुशिल्पकार ख्रिस्तोफर रेन यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलसाठी हाच दगड निवडला. १९२० चं लंडनचं सेनोटाफ स्मारकही याच दगडाचं.

कारागिरांना तो इतका का आवडतो, हेही दाण्यांतूनच कळतं. बेसाल्ट कडक आणि चिवट, नाशिक-साताऱ्याकडच्या पाथरवटांना त्याच्याशी झगडावं लागतं. बऱ्याच गाळाच्या खडकांना थर असतात आणि ते थराच्या रेषेतच फुटतात. चांगल्या ऊलाइटमध्ये सगळे दाणे गोल आणि सारखे, त्यामुळे त्याला पसंतीची दिशाच नसते. करवत आणि छिन्नी कुठल्याही बाजूने चालते. खाणीतून नुकता निघालेला दगड ओलसर आणि मऊ असतो. आतलं पाणी सुकताना विरघळलेलं कार्बोनेट पृष्ठभागाकडे येतं आणि दगड हवेत घट्ट होतो. म्हणून घडाई ओल्यातच उरकून घ्यावी, हा खाणीवरचा नियम.

इंग्लंडमधल्याच बाथ शहराचा सोनेरी दगड याच कुळातला, पण वयाने मोठा, साधारण पावणेसतरा कोटी वर्षांचा. अठराव्या शतकात राल्फ अ‍ॅलन यांनी शहरालगतच्या कूम डाउनच्या खाणी चालवल्या आणि त्या दगडातून त्या काळातलं, म्हणजे जॉर्जियन बाथ उभं राहिलं. रॉयल क्रेसेंटची तीस घरांची कमान (१७६७ ते १७७५) त्यातलीच. आणि याच परिसरात कालव्याचं काम करताना विल्यम स्मिथ यांच्या ध्यानात आलं की खडकांचे थर सगळीकडे एकाच क्रमाने येतात. १८१५ मध्ये त्यांनी काढलेला इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा हा त्या शास्त्राचा पाया मानला जातो. या ऊलाइटांचे पट्टे त्या नकाशावर ठळक आहेत.

दगडाची दुबळी बाजूही त्याच्या घडणीतच आहे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. लंडनच्या कोळशाच्या धुरातलं सल्फर पावसात मिसळलं आणि शतकभर सेंट पॉल्सला ओरबाडत राहिलं. कठड्याच्या माथ्यावर अठराव्या शतकात काही भोकं शिशाने भरून दगडाशी सपाट केली होती. शिसं तेवढंच राहिलं, भोवतीचा दगड झिजला, आणि ते टोकदार खुंट आता वर आलेले दिसतात. झीज किती झाली याचं हे आयतं माप. १९८० पासून तिथे उपकरणाने नियमित मोजणी झाली आणि हवेतलं सल्फर कमी झालं तशी झीजही मंदावली, हे तिच्यातून दिसलं. मुंबईत कारंज्यावर रंगाचा लेप दिल्याने दगड वाचला असेल असं वाटू शकतं, पण सच्छिद्र दगडाला श्वास लागतो. रंगाआड ओल आणि क्षार अडकतात आणि दगड आतून पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून २०१९ चं ते काम मला फार मोलाचं वाटतं.

भारतातही ऊलाइट आहे. कच्छमधला धोसा ऊलाइट भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा, लोहयुक्त दाण्यांचा, म्हणून तांबूस, आणि अमोनाइट या नामशेष प्राण्यांच्या गुंडाळलेल्या कवचांनी खच्चून भरलेला. मोठ्या अंतरावरच्या टेकड्यांवर तो ओळखता येतो, म्हणून कच्छचे खडक जुळवताना तो खुणेच्या थरासारखा वापरतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा पोरबंदर दगड यापेक्षा खूप तरुण आहे. जुन्या लिखाणात त्यालाही ऊलाइट म्हटलेलं आढळतं, कारण त्याचेही दाणे गोल आणि लेपलेले असतात. पण त्यातले पुष्कळसे दाणे मिलिओला नावाच्या सूक्ष्म जिवांची कवचं आहेत, आणि बराचसा थर वाऱ्याने किनाऱ्यावरून उडवलेल्या वाळूचा आहे. मुंबईच्या सैन्यातले शल्यचिकित्सक एच. जे. कार्टर यांनी १८४९ मध्ये अशा खडकाला मिलिओलाइट हे नाव दिलं. मुंबईच्या फोर्ट भागातल्या व्हिक्टोरियन इमारतींवरचं बरंच फिकट नक्षीकाम याच पोरबंदरी दगडात आहे. ब्रिटिश काळात तो समुद्रमार्गे सहज आणता येई आणि बेसाल्टपेक्षा घडायला कितीतरी सोपा होता.

आणि खरा ऊलाइट मुंबईच्या समोरच आहे, फक्त पाण्याखाली. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर, किनाऱ्यापासून दूर, खंडमंचावर, म्हणजे जमिनीच्या समुद्राखाली पसरलेल्या उथळ कडेवर, एक सपाट पठार आहे. दर्यावर्दी त्याला फिफ्टी फॅदम फ्लॅट म्हणतात, म्हणजे साधारण ९१ मीटर खोल. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तिथला तळ उपसून पाहिला. वर ऊइड आले. आजच्या त्या खोल, गार तळावर ऊइड बनू शकत नाहीत, म्हणजे ते तिथे बनले तेव्हा ती जागा उथळ होती. रेडिओकार्बन वय निघालं सुमारे ९ ते ११ हजार वर्षं. शेवटच्या हिमयुगात, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळू लागलं आणि चढत्या पाण्याने हे पठार गाठलं तेव्हा काही काळ तिथे बहामासारखी परिस्थिती जमली.

या दाण्यांवरून त्यांनी आणखी एक निष्कर्ष काढला, तो मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ऊइडांना नितळ पाणी लागतं. आजचा पावसाळा असता तर नर्मदा, तापी आणि कोकणातल्या नद्यांनी तिथे चिखल ओतला असता. ऊइड बनले, त्याअर्थी तेव्हाचा मान्सून बराच दुबळा असला पाहिजे आणि हवा कोरडी. पुढे पाऊस बळावला, समुद्रही चढत गेला. आज नद्यांचा गाळ किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात अडकतो, बाहेरच्या पठारापर्यंत फारसा पोहोचत नाही, म्हणून ते जुने दाणे अजून उघडे आहेत. नवे मात्र इथे कुठेच बनत नाहीत: जिथे पाणी उथळ आहे तिथे ते गढूळ आहे, आणि जिथे नितळ आहे तिथे फार खोल.